झेंडी तेवढी लाल

छायाचित्रकाराला कुणी 'फोटोवाला' म्हटलं की त्याच्या कपाळावर आठ्या चढायच्या. दुकानाच्या पाटीवर मात्र 'पासपोर्ट फोटो दहा मिनिटांत' असंच लिहिलेलं होतं, आणि ते दहा मिनिटांतलं काम त्याची बायको करायची. तीच गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवायची, तीच कान दिसतील असे केस मागे घ्यायला सांगायची, तीच फोटो कापून पाकिटात भरायची. छायाचित्रकार त्या वेळी आतल्या खोलीत प्रकाशाचा विचार करत असायचा. प्रकाशाचा विचार करायला दुपारच्या जेवणानंतर किमान दीड तास लागतो आणि तो आडवं होऊनच करावा लागतो, असं त्याचं ठाम मत होतं.

कलेपायी त्याने आधी गंजलेल्या कुलपांचे फोटो काढण्यात एक वर्ष घालवलं होतं. मग पाठमोऱ्या माणसांवर आठ महिने घालवले, त्यात एका पाठमोऱ्या बाईने वळून त्याला चार शब्द सुनावले, तेव्हा तो विषय आपोआप संपला. आता काय, आता काय, अशा घालमेलीत असताना एका रविवारी बायकोने त्याच्या हातात चष्म्याचं घर ठेवलं आणि म्हणाली, "बाबा चष्मा विसरून गेलेत. तेवढा नेऊन द्या."

बाबा म्हणजे तिचे वडील. धंद्याने घड्याळजी. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून लोकांची मनगटी घड्याळं उघडायची आणि रविवारी ग्रंथालयाच्या माडीवरच्या बुद्धिबळ मंडळात जाऊन हरायचं, हा त्यांचा बावीस वर्षांचा नेम. हरायचे तेही एकाच पद्धतीने. चाल सुचायची चांगली, पण सुचेपर्यंत वेळ संपायचा. सगळ्या गावाची घड्याळं वेळेवर चालवणारा माणूस स्वतः मात्र दर रविवारी वेळेवर मार खातो, हा मंडळातला विनोद इतका जुना झाला होता की आता त्याला कुणी हसतही नसे. बाबाच तेवढे सभ्यपणाने हसायचे.

छायाचित्रकार चष्मा घेऊन माडीवर चढला आणि दारातच खिळला. चार टेबलं, आठ टकलं, खिडकीतून आलेली उन्हाची तिरपी पट्टी आणि कुणी कुणाशी बोलत नाही. गंजलेल्या कुलपांनंतर इतकी शांत मॉडेलं त्याला प्रथमच मिळत होती. "चौसष्ट घरांतलं मौन," तो स्वतःशीच म्हणाला. फोटो एकही काढलेला नव्हता, पण प्रदर्शनाचं नाव ठरलं.

मंडळाच्या सेक्रेटरी म्हणजे ग्रंथपालबाई. त्या ऐकेनात. "खेळताना कॅमेऱ्याची कटकट चालायची नाही. इथे पान उलटलं तरी मी वर बघते."

बाबांनी रदबदली केली. कुणाकडे कधी काही न मागणारा तो माणूस टोपी हातात घेऊन बाईंच्या टेबलापुढे उभा राहिला. "जावई आहे माझा. कलावंत माणूस आहे. त्रास होणार नाही, हमी माझी."

"तुमची हमी म्हणून," बाई म्हणाल्या.

पुढचे तीन महिने मंडळाने जे सोसलं ते बाबांच्या हमीखातर सोसलं. छायाचित्रकाराने आल्या आल्या रिकाम्या पटावर दोन राजे शेजारी शेजारी उभे केले, मागे रुमालाचा पडदा धरायला एका निवृत्त हिशेबनिसाला उभं केलं आणि त्या फोटोला 'संवाद' असं नाव दिलं. हिशेबनीस चाचरत म्हणाला, "दोन राजे असे लागून उभे राहूच शकत नाहीत हो. नियमात बसत नाही."

"कलेत बसतं," छायाचित्रकार म्हणाला. "रुमाल वर घ्या."

त्याचं आवडतं वाक्य होतं, "असेच थांबा, हलू नका!" ते तो कधीही, कुणालाही म्हणायचा. कुणी उंट उचलला की असेच थांबा. कुणी कान खाजवला की असेच थांबा. माणसं बिचारी कानावर बोट ठेवून बसून राहायची, समोरचा चहा थंड व्हायचा आणि डोक्यातली चाल उडून जायची. कॅमेरा म्हटला की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते, त्यात या मंडळींना आयुष्यात कुणी दुसऱ्यांदा बघितलेलं नव्हतं.

छायाचित्रकाराला हवा होता एक चेहरा. हरलेल्या माणसाचा. खराखुरा, आतून रिकामा झालेला. त्यासाठी बाबांहून योग्य माणूस कोण? त्याने त्यांना नाना परींनी बसवून पाहिलं. "बाबा, चेहऱ्यावर जरा हार आणा."

"हार काय, दर रविवारी असते, जावईबापू," बाबा ओशाळून म्हणायचे. "पण फोटो म्हटला की हसू येतं बघा." आणि खरंच, कॅमेरा वर झाला की त्यांची हनुवटी थोडी वर व्हायची आणि ओठांवर ते शाळकरी, आज्ञाधारक हसू यायचं. असे छत्तीस फोटो वाया गेले. छायाचित्रकार बायकोला म्हणाला, "तुझ्या वडिलांना दुःखाची जाण नाही."

बायकोने हातातली कात्री खाली ठेवली, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा उचलली.

मग मंडळाच्या वार्षिक स्पर्धेचा अंतिम सामना आला, आणि नवल म्हणजे बाबा त्यात पोचले. समोर दंतवैद्य. अकरा वर्षं करंडक त्याच्याच दवाखान्यात, दातांच्या साच्यांशेजारी. माणूस खेळायला झपाट्याचा आणि दिसायला देखणा, आणि या दोन्ही गोष्टी त्याला चांगल्या ठाऊक. छायाचित्रकाराला त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, "माझी डावी बाजू घ्या. चांगला आला तर बाहेरच्या बाकासमोर मोठा करून लावीन."

अंतिम सामन्याची मंडळाची रीत अशी की खोलीत फक्त दोन खेळाडू. बाकीच्यांनी जिन्यात थांबायचं, कारण बघणारे पुटपुटतात. बाई दाराबाहेर स्टूल टाकून जिन्याकडे तोंड करून बसायच्या आणि पुटपुटणाऱ्यांवर डोळे वटारायच्या. छायाचित्रकाराला आत घ्यायचं की नाही यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला. "तुम्हाला खेळातलं काही कळतं का?"

"मला आकार कळतात," छायाचित्रकार म्हणाला.

"मग बसा आत."

टेबलावर मंडळाचं एकुलतं एक दोन तोंडांचं घड्याळ होतं. आपली चाल झाली की आपल्या बाजूचं बटण दाबायचं, मग आपलं घड्याळ थांबतं आणि समोरच्याचं सुरू होतं. वेळ संपत आली की काटा एका इवल्याशा झेंडीला वर उचलतो, आणि वेळ संपली की झेंडी पडते. झेंडी पडली की तो हरला, मग पटावर काहीही असो. मूळची झेंडी कधीच तुटली होती. बाबांनी पत्र्याची नवी कापून बसवली होती आणि लेकीच्या नेलपॉलिशने लाल रंगवली होती. ती तेव्हा कॉलेजात होती आणि बाटली संपवली म्हणून दोन दिवस रुसली होती.

दीड तासाने बाबांची अवस्था वाईट होती. कानातलं मशीन काढून त्यांनी नेहमीप्रमाणे खिशात ठेवलं होतं, डोकं दोन्ही हातांत धरलं होतं आणि नजर पटावर रुतली होती. दंतवैद्याने वजीर उचलला आणि बाबांच्या राजाच्या अंगणात नेऊन ठेवला. पुढच्या चालीला मात. नेहमीचा झपाटा सोडून आज त्यानेही बराच वेळ खाल्ला होता, त्याची झेंडी काट्यावर चढली होती, पण बटण दाबलं की संपलं. त्याचा हात बटणाकडे निघाला. नेमकी तेव्हाच उन्हाची पट्टी त्या हातावर आली.

"डॉक्टर, असेच थांबा! हलू नका!" छायाचित्रकार कुजबुजला.

आणि दंतवैद्य थांबला. बटणाच्या बोटभर वर हात, पोट आत, डावी बाजू कॅमेऱ्याकडे. एक फोटो झाला. "बोट जरासं पुढे." दुसरा. छायाचित्रकार गुडघ्यावर बसला, उठला, पुन्हा बसला. तिसरा. एवढ्यात बाबांनी मान वर केली, घड्याळाकडे बघितलं आणि बोट त्याच्याकडे नेलं. "झेंडी," ते म्हणाले. मशीन कानात नसल्यामुळे ते ओरडलेच.

बाई आत आल्या. त्यांनी घड्याळ बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "डॉक्टरांची झेंडी पडली. घड्याळजी जिंकले."

जिन्यातून माणसं धडधडत आत आली. बाबांना कुणी मिठी मारली, कुणी पाठीत थापटलं. दंतवैद्य तोंड उघडून बसला होता. काय सांगणार? अंतिम सामन्यात आपण फोटोसाठी पोट आत ओढून बसलो होतो, हे? "विचारात होतो जरा," एवढंच म्हणाला. छायाचित्रकार खिडकीपाशी कॅमेऱ्यातले फोटो बघण्यात गुंग होता. कोण जिंकलं हे त्याला बायकोने संध्याकाळी सांगितलं.

करंडक बाबांनी दुकानाच्या काचेत दुरुस्तीच्या घड्याळांमध्ये ठेवला. पट्टा बदलायला आलेल्या माणसालासुद्धा ते सामना पहिल्या चालीपासून ऐकवायचे. "घाई नाही केली मी. त्याला विचारात पाडलं. बावीस वर्षं तो मला वेळेत पकडायचा, या खेपेला मी पकडला!" ते इस्त्रीचा शर्ट घालू लागले. रस्त्याने ताठ चालू लागले. आई गेल्यापासून ते इतके कधी बोलले नव्हते, आणि लेकीला ते बघून इतकं बरं वाटायचं की पासपोर्ट फोटो कापताना ती गुणगुणायची.

प्रदर्शनाला कलादालन मिळालं. वर्तमानपत्रात लिहिणारा एक समीक्षक यायचा होता. त्याने चार ओळी चांगल्या लिहिल्या तर दुकानाची पाटी बदलायची, असं छायाचित्रकाराने ठरवलं होतं. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी बायको दुकान आवरून आत आली, तर टेबलावर तीन मोठ्या चौकटी मांडलेल्या. दंतवैद्याची डावी बाजू, पुढे आलेला हात, घड्याळ, पट. सगळं काळंपांढरं, फक्त इवलीशी झेंडी लालभडक. खाली नाव, 'थांबलेला क्षण'.

"कशी आहे?" छायाचित्रकार म्हणाला. "झेंडी तेवढी रंगीत ठेवली. रंगाचा एकच थेंब. आत्मा आहे तो चित्राचा."

बायकोने तिन्ही फोटो बघितले ते पासपोर्टचे बघतात तसे. डोळे, कान, सावली, कोपरे. मग तिने विचारलं, "हा हात तिन्हीत तिथेच कसा?"

"तेच तर! थांबलेला क्षण!"

"क्षण कसला? पहिल्यात झेंडी वर आहे, दुसऱ्यात काट्याच्या टोकाला आलीय, तिसऱ्यात पडलीय. तोवर डॉक्टरांनी बटण का नाही दाबलं?"

"मी थांबवलं होतं. दाबलं असतं तर हात खाली गेला असता आणि ऊन वाया गेलं असतं."

बायको गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. "अहो, बटण दाबेपर्यंत त्यांचंच घड्याळ चालतं," ती हळू म्हणाली. "बाबा जिंकलेच नाहीत. डॉक्टरांना तुम्ही हरवलंत."

छायाचित्रकाराला क्षणभर बरंच वाटलं. बुद्धिबळात आपण कुणाला हरवू असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मग बायकोचा चेहरा बघून तो भानावर आला.

"हे लावू नका," ती म्हणाली. "बाकीचे चौदा लावा. ते दोन राजेसुद्धा लावा. हे एवढं नको."

"अगं, हाच तर प्राण आहे प्रदर्शनाचा!"

"मग निदान झेंडीचा लाल रंग काढा."

"लोक कला बघायला येतात. घड्याळ कोण बघतंय?"

"बाबा बघतील. आयुष्यभर त्यांनी दुसरं काय बघितलंय?"

"बघू," छायाचित्रकार म्हणाला. त्या घरात 'बघू' म्हणजे काय हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं.

तरी सकाळी त्याने त्या तीन चौकटी भिंतीकडे तोंड करून ठेवल्या होत्या, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. मग दालनाच्या व्यवस्थापकाने येऊन सांगितलं की समीक्षक मधल्या भिंतीपासून सुरुवात करतात, तिथे दमदार काहीतरी हवं. छायाचित्रकाराने दोन राजांकडे बघितलं, रुमालाकडे बघितलं, आणि तीन चौकटी मधल्या भिंतीवर टांगल्या. खिळे ठोकताना त्याचा हात जराही हलला नाही.

बाबा चारच्या ठोक्याला आले. काखेत टॉवेलात गुंडाळलेला करंडक. जावयानेच मागवला होता, दाराशी टेबलावर ठेवून खालून दिवा लावायला. बाबांनी तो टॉवेलाने पुसून टेबलावर ठेवला, दोन पावलं मागे जाऊन बघितला आणि अर्धा इंच डावीकडे सरकवला.

समीक्षक मधल्या भिंतीसमोर मान वाकडी करून उभा होता. "वा," तो म्हणाला. "इथे काळ हाताच्या आधी संपतो. आणि हा लाल रंग, जखमेसारखा. हा हात का थांबलाय, हे न सांगण्यातच सगळी गंमत आहे." छायाचित्रकाराला आभाळ ठेंगणं झालं.

तेवढ्यात मंडळाची मंडळी आली, बाई पुढे आणि दंतवैद्य मध्ये. सावली, प्रकाश, मौन, कशाकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांनी पट बघितले. दोन राजांसमोर सगळे खो खो हसले. एका प्याद्यावरून हिशेबनिसाची आणि दुसऱ्या कुणाची जुंपली. दंतवैद्य तरातरा मधल्या भिंतीकडे गेला आणि म्हणाला, "हा, हा पहिला माझ्या दवाखान्यासाठी." मग बाकीचे त्याच्यामागे येऊन उभे राहिले, आणि हसणं थांबलं.

बाईंनी चष्मा चढवला. "यात झेंडी वर आहे," त्या म्हणाल्या. "यात पडलीय. आणि हात?"

"हात तिथेच," हिशेबनीस म्हणाला.

"डॉक्टर, वजीर तर पोचलेला दिसतोय. चाल झाली होती तुमची. मग बटण का नाही दाबलंत?"

"विचारात होतो."

"चाल झाल्यावर?"

"आणि पोट आत ओढून?" मागून कुणीतरी म्हणालं, पण त्यावर कुणी हसलं नाही, कारण बाबा पुढे आले होते. त्यांनी खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि एकेका घड्याळापाशी नाक नेऊन बघितलं. समीक्षक खूश झाला. "किती बारकाईने पाहताहेत!" तो छायाचित्रकाराच्या कानाशी म्हणाला.

"पन्नास सेकंद," बाबा म्हणाले. "पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत." त्यावर कुणी शंका घेतली नाही. तो काटा त्यांनीच बसवला होता. मग त्यांनी भिंग काढलं आणि फोटोतल्या पटाकडे बघितलं. "पुढच्या चालीला मात होती मला. दिसत होती."

ते दाराशी गेले, दिव्यावरून करंडक उचलला, टॉवेलाने पुन्हा एकदा पुसला आणि आणून दंतवैद्यापुढे धरला. "तुमचा आहे, डॉक्टर. तुम्ही बोलायचं होतं."

"अहो, असू दे हो," दंतवैद्य म्हणाला. पण त्याने करंडकाचे दोन्ही कान घट्ट धरले.

बाबा वळले. हातात नुसता टॉवेल. ओठ थोडे उघडे, डोळे कुणावरच नाहीत, शर्टाची इस्त्री तेवढी ताठ. तीन महिने आणि छत्तीस फोटो ज्याच्यामागे वाया गेले तो चेहरा छायाचित्रकारापासून चार हातांवर उभा होता, आणि वरच्या दिव्याचा उजेड त्यावर नेमका पडला होता. त्याला त्या चेहऱ्याचं वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण त्याच्या आधी त्याचा हात गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे गेला होता.

"बाबा, असेच थांबा! हलू नका!"

"हेच!" दंतवैद्य करंडकासकट ओरडला. "हेच म्हणाले होते हे मला! अक्षरशः हेच!"

सगळं दालन छायाचित्रकाराकडे वळलं. बाई, हिशेबनीस, समीक्षक. दाराशी अभिप्रायाची वही मांडत असलेल्या बायकोने वही मिटली आणि ती बाबांकडे निघाली. कॅमेरा छायाचित्रकाराच्या डोळ्याला तसाच चिकटून होता. तो खाली घेतला तर कुणाकडे बघायचं, हे त्याला सुचत नव्हतं.

बाबा मात्र थांबले होते. थांबा म्हटलं की थांबणारा माणूस तो. त्यांची हनुवटी सवयीने थोडी वर झाली, आणि कॅमेऱ्याच्या भिंगातून छायाचित्रकाराला दिसलं की तो चेहरा गेला, ते फोटोसाठी हसताहेत.

"झालं का, जावईबापू?" त्यांनी ओठ न हलवता विचारलं. "हलू आता?"